मागची सीट कोणाची?

जुनी इनोव्हा घ्यावी की घेऊ नये, यावर मत नसलेला माणूस आमच्या घाटंजीत शोधूनही सापडायचा नाही. बँकेच्या रांगेत विचारा, पानठेल्यावर विचारा, जिनिंगवर कापसाची गाडी लावून बसलेल्याला विचारा. "घेऊन टाका भाऊ, इनोव्हाले मरण नाही" असं म्हणणारे निम्मे आणि "कायले भानगडीत पडता" म्हणणारे निम्मे. पैसे आपले आणि मत त्यांचं, त्यामुळे सगळेच ठाम. असो.

तर मंडळी, गेले दोन-अडीच महिने आमच्या घरात हाच विषय चालू आहे. बाबांच्या मागे ठेवलेली एक एफडी पिकली. आम्ही तिघं भाऊ, एक बहीण. दादाचं म्हणणं, बारा लाखांपर्यंतची सेकंडहँड क्रिस्टा घ्यावी, २०१७-१८ ची, म्हणजे आईला सावंगीच्या दवाखान्यात नेणं-आणणं सोपं होईल आणि कार्यप्रसंगाला अख्खं घर एका गाडीत जाईल. धाकटा शेती पाहतो. त्याचं म्हणणं, त्याच पैशात बोअर आणि ठिबक होईल, गाडी भाड्याने करा. आणि पुण्याचा पुतण्या रोज रात्री मोबाईलवर दिल्लीच्या जुन्या ऑडी क्यू-सेव्हनचे फोटो पाठवतो. "काका, सात सीटर आहे, सनरूफ आहे, आणि नव्या इनोव्हाच्या निम्म्या किमतीत!" मी मधला. मधल्याचं काम आपल्याला माहीतच आहे, दोन्हीकडून ऐकून घ्यायचं :)

पुतण्याचा मुद्दा आधी निकाली काढतो, कारण तो सगळ्यात सोपा आहे. दिल्लीकडच्या मोठ्या डिझेल गाड्या इतक्या स्वस्त का मिळतात? राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने थोडी ढील दिली, पण तोवर तिथल्या मालकांना गाडी वेळेत बाहेरच्या राज्यात खपवण्याची सवय लागून गेली होती. म्हणजे ती किंमत गाडीची नाही, मालकाच्या घाईची आहे. मग तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र आणा, यवतमाळच्या आरटीओत एमएच २९ चा नंबर घ्या, महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार पुन्हा भरा. हे सगळं होतंही, लोक करतात. पण पुढे काय? त्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं सस्पेन्शन हवेवर चालतं. ते बसलं की गाडी म्हशीसारखी खाली बसते आणि तिला उठवणारा माणूस नागपूरच्या अलीकडे नाही. घाटंजी ते नागपूर दीडशेच्या वर किलोमीटर, तेवढं अंतर ट्रकवर टाकून न्यायचं. इनोव्हाचं बोनेट उघडणारा मिस्त्री मात्र आमच्याकडेही आहे, पांढरकवड्यालाही आहे, आणि त्याने त्या गाडीचं पोट इतक्या वेळा पाहिलंय की तो आवाजावरून सांगतो. लक्झरी म्हणजे काय याची माझी व्याख्या एवढीच आहे. बिघडल्यावर संध्याकाळी घरी पोचता आलं पाहिजे.

(पुतण्याला हे लिहून पाठवलं. त्याने अंगठा दाखवला. तो उभा होता की आडवा, चष्म्याशिवाय कळलं नाही.)

आता दादाचा मुद्दा. तो सोपा नाही.

मोठ्या गाडीचं आमच्याकडे जे आकर्षण आहे ते हौसेपोटी आलेलं नाही, हे शहरातल्या मंडळींना सांगावं लागतं. घाटंजीला रेल्वे नाही. यवतमाळची शकुंतला बंद पडली. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा मोठा मार्ग चाललाय, त्यातला वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण तो मार्गही घाटंजीवरून जात नाही. म्हणजे आम्हाला रस्ताच. आणि रस्त्यावर माणसं एकेकटी कधी जात नाहीत. साक्षगंध असो, तेरवी असो, माहूरच्या रेणुकेचा नवस असो, निघताना आठ-नऊ जण निघतात. काळी-पिवळीत नऊच्या जागी पंधरा बसलेले आम्ही लहानपणापासून पाहिलेत, त्यात आम्हीही होतो. मग ट्रॅक्स आली, कमांडर जीप आली. १९९४ मध्ये टेल्कोची सुमो आली. सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं घेऊन ठेवलेलं ते नाव, आणि गावोगावच्या लोकांना वाटायचं जपानी पैलवानावरून ठेवलंय. दोन्ही शोभलं. सुमोत बसून वऱ्हाड गेलं, मतदान झालं, बाळंतिणी दवाखान्यात पोचल्या. २००० साली क्वालिस, २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा, २०१६ मध्ये क्रिस्टा. सुमो २०१९ मध्ये थांबली. या सगळ्या गाड्यांमध्ये इनोव्हाला जो मान मिळाला तो वेगाचा किंवा दिसण्याचा नाही. आठ माणसं बसवून, टपावर तुरीच्या डाळीचं पोतं बांधून, ती न कुरकुरता लाख-लाख किलोमीटर चालली, याचा आहे.

पण मान मिळाला की किंमतही चढते. आठ-नऊ वर्षं वापरलेली, लाख-सव्वा लाख किलोमीटर झालेली क्रिस्टा बारा लाखाला, आणि विकणारा उपकार केल्यासारखा बोलतो. बारा लाख म्हणजे किती, हे धाकट्याने एका दमात सांगितलं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये. बारा लाख भागिले तेवढे, म्हणजे जवळजवळ १४८ क्विंटल. कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल धरला (बरं वर्ष असेल तर), तर पंचवीस एकरांचा अख्खा कापूस, तोही बियाणं-खत-फवारणी-वेचणीचा खर्च न वजा करता. "दादा, पंचवीस एकर कापूस तू सावलीत उभा करून ठेवणार," तो म्हणाला. दादा गप्प बसला. गप्प बसण्यासारखंच होतं ते.

मग मी दुसरा हिशेब मांडला. वर्षभरात आम्हाला मोठी गाडी खरोखर किती दिवस लागते? मागच्या वर्षीची डायरी काढली. सावंगीच्या बारा चकरा, लग्नं सहा, तेरव्या तीन, माहूर एकदा, शेगाव एकदा, एकदा नागपूर. चोवीस दिवस. स्पेशल गाडी केली की ड्रायव्हरच्या जेवणासकट सरासरी साडेतीन हजार जातात. चोवीस गुणिले साडेतीन हजार, चौऱ्याऐंशी हजार. आता बारा लाख एफडीतच ठेवले आणि सात टक्के व्याज धरलं तर? चौऱ्याऐंशी हजार! मी दोनदा कॅल्क्युलेटर बडवला. म्हणजे नुसत्या व्याजात वर्षभर भाड्याची गाडी दारात येते, मुद्दल जागच्या जागी. आणि आपली गाडी घेतली तर विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि डिझेल वेगळंच. लिटरला नव्वद आणि ऍव्हरेज बारा धरलं तर किलोमीटरला साडेसात रुपये डिझेललाच गेले. शिवाय आई पंच्याहत्तरीच्या पुढची, तिला एसटी फुकट आहे. ताईला अर्ध्या तिकिटात. सरकारने आमच्याकडच्या बायकांची सोय आमच्याआधी केली, म्हणायला हरकत नाही.

इथे खरं तर विषय संपायला हवा होता. आकडेमोड म्हणते, भाड्याने करा. कोणी मला नुसतं पैशाचं विचारलं तर मीही हेच सांगेन, आणि ज्यांना वर्षातून दहा-पंधरा दिवसच मोठी गाडी लागते त्यांनी सात-आठ सीटांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. "भाड्याने लावू, हप्ता निघून जाईल" हा जो सल्ला हमखास मिळतो, तो तर ऐकूच नये. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवणं बेकायदा आहे, आणि अशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मग आठ माणसांचं काय ते तुम्ही बघा.

पण डायरीत एक गोष्ट दिसली, ती आकड्यात बसली नाही.

ताई किनवटला दिलेली. नकाशावर पाहिलं तर फार लांब नाही. एसटीने यायचं तर एक-दोन ठिकाणी बदलत, मधे कुठेतरी तासभर बसत. डायरीतल्या चोवीस दिवसांत आम्ही तिला आणायला किती वेळा गाडी पाठवली? एकदाही नाही. ती आली तीन वेळा, तिन्ही वेळा एसटीने. लग्नाला, तेरवीला, आणि आई दवाखान्यात भरती होती तेव्हा. कारण आमची आताची गाडी पाच सीटांची. दादा, वहिनी, आई आणि दोन पोरं बसली की भरली. मग कोणीतरी म्हणतं, "ताई येईल न एसटीनं." आणि ताई येते. कधी तक्रार केली नाही तिने. एफडीत तिचाही भाग आहे, कागदावर आणि कागदाबाहेरही. दादाने फोनवर विचारलं तेव्हा म्हणाली, "मले काय लागते रे बापा. घ्या तुमाले पाह्यजे ते." मग थोडं थांबून, "मोठी घेतली तं मले न्यायले येत जासान का?"

तेव्हापासून मला वाटायला लागलंय की गाडी पाहायला जाताना आपण चुकीचा माणूस नेतो. ज्याला चालवायची आहे तो जातो. तो क्लच दाबून पाहतो, एसी फुल करतो, मोकळ्या रस्त्यावर शंभराला नेतो आणि खूश होऊन येतो. तिसऱ्या रांगेत बसून कोणी पाहतच नाही. जास्तीच्या सीटांसाठी गाडी घ्यायची, लाखो रुपये त्याचेच जास्त मोजायचे, आणि नेमक्या त्याच सीटांवर बूडही टेकवायचं नाही, हा काय व्यवहार झाला? आणि तिथे बसणार कोण, हे प्रत्येक घरात ठरलेलं असतं. पुढे कर्ता पुरुष. मधे आई-बाबा, जावई, पाहुणे. मागे सुना, पोरं, आलेली बहीण, एखादी विधवा काकू. गुडघे छातीशी घेऊन, खिडकी उघडत नाही म्हणून उलटीची पिशवी हातात धरून. पाण्याची बाटली त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचते. गाडी थांबली की सगळे उतरल्यावर, मधली सीट दुमडल्यावर त्या उतरतात. तोवर चहा सांगून झालेला असतो.

म्हणून माझी अट अशी. ज्या गाडीचा विचार चाललाय तिच्या तिसऱ्या रांगेत ताईला बसवायचं, घाटंजी ते यवतमाळ चाळीस किलोमीटर. तेवढ्यात कळतं. पाय कुठे जातात, छताला डोकं लागतं का, वरच्या झरोक्यातून गार हवा येते की नुसता आवाज, मागच्या चाकावरचा खड्डा पाठीत किती येतो. ऑडीसारख्या गाड्यांची तिसरी रांग मुळात पोरासोरांसाठी केलेली असते, हे फोटोत कळत नाही. क्रिस्टात मोठं माणूस बसू शकतं, पण तीन जण म्हणजे तिघंही आक्रसून, दोघं बरे. आणि मागे माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही, हे आठवत नाही कोणाला. बॅगा टपावर जातात नाहीतर मांडीवर.

अजून एक. क्रिस्टा सात सीटांची येते आणि आठचीही. सातवालीत मधे दोन वेगवेगळ्या खुर्च्या असतात, कॅप्टन सीट म्हणतात. दिसायला राजेशाही, त्यामुळे बाजारात मागणी तिलाच. आठवालीत मधे सलग बाक. विकणारे आठवालीला जरा कमी लेखतात, टुरिस्टवाल्यांची म्हणून. मला आठवालीच हवी. दवाखान्यातून परत येताना आईला आडवं व्हावं लागतं, आणि कॅप्टन सीटवर आडवं होता येत नाही. इतकं साधं आहे ते. पण यातलं काही जाहिरातीत नसतं, कारण जाहिरातीतली आई कधी आजारी नसते.

बाकी जुन्या गाडीची तपासणी काय करायची ते सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात सांगून टाकतो. परिवहनच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकला की कितवा मालक, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे दिसतं. थकलेली चलनंही पाहून घ्यावी. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसार देऊ नये. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन "बाकी होऊन जाईल" म्हणणाऱ्यावर विसंबू नये. नाव चढेपर्यंत पिच्छा पुरवावा आणि विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाकावा. मीटर मागे फिरवलेलं असतंच असं धरून चालावं, आणि सर्व्हिस सेंटरातला जुना रेकॉर्ड काढावा. आधी पिवळ्या पाटीची होती का, हे आरसीच्या इतिहासात सापडतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे शेवटपर्यंत राहतो. आणि मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

गाडी दारात उभी राहिल्यावर काय होतं, तेही लक्षात घ्या. आमच्याकडे पांढरी इनोव्हा म्हणजे एकतर साहेब नाहीतर पुढारी. आपण दोन्ही नसलो तरी लोक तसं वागायला लागतात. लग्नाच्या बोलणीत आकडा वाढतो, मजूर मजुरी वाढवून मागतो, आणि तोही बरोबरच असतो. रात्री-बेरात्री शेजारी दार वाजवतो, सुनेच्या पोटात दुखतंय. नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये. टिपेश्वरच्या बाजूचा रस्ता असेल तर रात्रीचं वाघाचंही भान ठेवावं लागतं. चारचाकी सगळ्यांकडे आल्या आहेत हल्ली, पण आठ सीटांची म्हटली की ती अर्धी वस्तीची. दादाला मी हे विचारलं की तुझी तयारी आहे का? तो म्हणाला, आहे. धाकटा म्हणाला, तयारी त्याची, डिझेल कोणाचं? हा प्रश्न अजून खुला आहे.

तूर्त तिघांत ठरलंय ते असं. आठ सीटांची, एकाच मालकाची, पांढऱ्या पाटीची, दहा लाखांच्या आत मिळाली तरच. उरतील त्यात ठिबकचा पहिला तुकडा. यवतमाळात एका ओळखीच्यांकडे अशी एक आहे असं कळलंय, रविवारी पाहायला जाऊ. ताईला फोन केला, शनिवारी ये म्हणून. यावेळी तिला आणायला भाड्याची गाडी पाठवतोय, पोरं कुरकुरली तरी. ती गाडी पटली नाही, किंवा मालक दहाच्या खाली आला नाही, तर महिनाभर थांबून पैसे सरळ बोअर-ठिबकला लावायचे आणि उरलेल्याच्या व्याजात जेवढ्या स्पेशल गाड्या होतील तेवढ्या करायच्या. त्यातल्या चार किनवटच्या. त्या तारखा मी डायरीत आत्ताच लिहून ठेवल्यात. राखी, दिवाळी, संक्रांत, आणि एक मे महिन्यातली, कुठलंही कारण नसलेली.